शाळेला सुट्टी लागली, एकट्या आईने काय करायचे?

जयंतीचे मंडप उतरतात, निळ्या पताका विजेच्या तारांवर तशाच फडफडत राहतात आणि तेवढ्यात शाळांच्या परीक्षा संपतात. मे महिन्याची सुट्टी लागते. मोठ्या वृत्तपत्रांच्या पुरवण्या ‘सुट्टीत मुलांना काय शिकवाल’ या विषयाने भरून जातात. पोहणे, चित्रकला, समर कॅम्प, थंड हवेची ठिकाणे! ज्या घरांसाठी हे सारे लिहिले जाते त्या घरांत आजी असते, आजोबा असतात, आणि मुलाला क्लासला सोडायला व आणायला एक बाई ठेवलेली असते. आम्हाला आज या बाईबद्दल लिहायचे आहे. तिलाही मुले आहेत. त्यांच्याही शाळेला सुट्टी लागली आहे. मात्र तिच्या घरात तिच्याखेरीज दुसरे मोठे माणूस नाही.

आपल्या कोणत्याही वस्तीत एक फेरी मारा. नवरा गेलेली, नवऱ्याने टाकलेली, मारझोड सोसून सोसून शेवटी पोरांना घेऊन बाहेर पडलेली, कोविडच्या दोन वर्षांत कपाळ पांढरे झालेली, अशी बाई प्रत्येक गल्लीत भेटेल. बायको वारली म्हणून दोन लेकरांसह एकटा उरलेला रिक्षावालाही भेटेल. सरकारी भाषेत यांना ‘एकल पालक’ म्हणतात. नाव मिळाले; पण मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी सहा वाजता कामावर निघताना पोर कुणाच्या ओटीत टाकायचे, याचे उत्तर त्या नावात नाही.

हा विषय किरकोळ आहे, घरगुती आहे, बायकांचा आहे, चळवळीच्या पानावर याचे काय काम, असे काही कार्यकर्त्यांना वाटेल. त्यांना आम्ही मसूर स्टेशनची आठवण करून देतो.

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत सांगितलेला तो प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ आहे. काळ १९०१ च्या सुमाराचा. मसूरच्या स्टेशनवर उतरलेली, नवे कपडे घातलेली मुले. जात कळताच पालटलेला स्टेशनमास्तरचा चेहरा. दुप्पट भाडे घेऊनही ‘तुम्हीच गाडी हाका, मी पायी चालतो’ म्हणणारा गाडीवान. आणि रात्रभर न मिळालेले घोटभर पाणी. हा प्रसंग आपण जातिव्यवस्थेचा पुरावा म्हणून सांगतो, आणि तो तसा आहेच. पण ती मुले त्या स्टेशनवर मुळात का आली होती, हे आपण कितीदा सांगतो?

आई वारलेली होती. वडील, सुभेदार रामजी, खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. हजारो माणसे उपासमारीने मरत होती, त्यांना काम मिळावे म्हणून तिथे तलाव खोदला जात होता. मुले साताऱ्यात आत्याजवळ ठेवलेली. आत्या मायाळू होती, पण पायांनी अधू; तिलाच उचलून ठेवावे लागे. त्यामुळे चार पोरे शाळेतही जात आणि स्वतःच स्वयंपाकही करत. भाकरी जमत नव्हती म्हणून भात आणि मटण एकत्र शिजवून खात. बाप खजिन्याची जागा सोडून साताऱ्याला येऊ शकत नव्हता. म्हणून त्याने पत्र लिहिले की उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्हीच माझ्याकडे या. मुलांनी येण्याचा दिवस कळवला, पण नोकराच्या चुकीने ते पत्र रामजींना कळलेच नाही आणि स्टेशनवर कुणी घ्यायला आले नाही.

म्हणजे एकटा पालक, कामाच्या जागेला बांधलेला. मुलांना सुट्टी, बापाला रजा नाही. नातेवाईक आहे पण तिच्याकडून होत नाही. शेजाऱ्यांचा आधार आहे पण तो कितीसा पुरणार? सव्वाशे वर्षांपूर्वीची ही हकीकत घ्या आणि आज मुंबईतल्या, पुण्यातल्या, नागपुरातल्या कोणत्याही वस्तीत नेऊन ठेवा. फार शब्द बदलावे लागणार नाहीत. नऊ वर्षांच्या भीमरावाला त्या रात्री पाणी मिळाले नाही याचे कारण जात होती. पण तो नऊ वर्षांचा पोर मोठ्या माणसाशिवाय त्या रस्त्यावर होता, याचे कारण बापाला न मिळणारी रजा होती. आपल्या समाजाच्या वाट्याला या दोन्ही गोष्टी बहुधा एकत्रच येत आल्या आहेत. रजा नसलेली, खाडा झाला की पैसे कापणारी, सकाळी अंधारात सुरू होणारी कामे कुणाच्या वाट्याला ठेवली गेली, हे या पानाच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

आमच्या लहानपणी आमची आई झाडूकामाला होती आणि वडील आम्ही चार वर्षांचे असतानाच गेले होते. मे महिन्यात ती आम्हाला पहाटे उठवून बरोबर न्यायची. हजेरी चौकीच्या मागे एक बाकडे होते, तिथे बसवायची. मुकादमाच्या मनात असेल तर आम्ही सावलीत बसत असू, नसेल तर फुटपाथवर. ‘पोरं आणायची ही जागा नाही’ हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की ते आजही त्याच आवाजात कानात आहे. त्यात त्याची तरी काय चूक, त्याला वरून विचारणा व्हायची. पण पोरे आणायची जागा कोणती, हे मात्र कुणीच कधी सांगितले नाही.

आज ते बाकडेही राहिलेले नाही. काम ठेकेदाराकडे गेले, बाई आज या वॉर्डात तर उद्या त्या वॉर्डात. घरकाम करणारीचे तर बोलायलाच नको. चार घरची धुणीभांडी, एका घरचा स्वयंपाक. मालकीण सुट्टीत गावाला गेली तर तेवढ्या दिवसांचा पगार कापणार, आणि मालकिणीकडे पाहुणे आले तर हिला रविवारीही बोलावणार. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण मंडळात नोंद झाली म्हणून तिला मे महिन्यात पोरासाठी चार दिवसांची भरपगारी रजा मिळाली, असे एकही उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

मग ती काय करते? एक ताई आम्हाला म्हणाली, “दादा, धाकट्याला आत ठेवते, मोठीला सांगते आतून कडी लाव, कुणी हाक मारली तरी उघडायची नाही. दुपारी बाराला एक घर करून पळत येते, जेवायला घालते, परत जाते.” मोठी म्हणजे किती मोठी? दहा वर्षांची! पत्र्याचे घर, मे महिन्याचे ऊन, लाइट गेली की पंखा बंद. त्या पोरीची सुट्टी ही सुट्टी नसते. ती त्या दीड महिन्यात धाकट्याची आई होते, पाणी भरते, भांडी घासते, आणि जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा तिला शाळेपेक्षा घरात जास्त किंमत आलेली असते. पोरी सातवी-आठवीत का गळतात याची कारणे शोधणाऱ्या विद्वानांनी एकदा मे महिन्यात वस्तीत यावे. मुलगा असेल तर तो गॅरेजात, चहाच्या टपरीवर बसतो; ‘दोन पैसे तरी सुटतात, नजरेसमोर तरी असतो’ असे आई म्हणते. कुणी खदाणीच्या पाण्यात पोहायला जातो. त्यातले काही परत येत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी येतात.

मामाच्या गावाला पाठवा, असा सल्ला हमखास मिळतो. ज्याच्या मामाची विहीर मे महिन्यात आटत नाही त्याच्यासाठी तो सल्ला ठीक आहे. मराठवाड्यातला मामा टँकरच्या रांगेत उभा असतो. आणि नवऱ्याला सोडून आलेल्या बहिणीची पोरे दीड महिना ठेवून घ्यायला मामीच्या कपाळावर आठी पडते, हेही आपण कबूल करू या.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. कामगार स्त्रीच्या मुलाची जबाबदारी मालकाने आणि सरकारने घेतली पाहिजे हा विचार या देशात कुणी मांडला? मुंबई कायदेमंडळात १९२८ साली बाळंतपणाच्या लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी सांगितले की आईला विश्रांती मिळणे यात राष्ट्राचे हित आहे आणि त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे. बाईच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकालाही त्यातून मोकळे सोडता येणार नाही. पुढे ते मजूरमंत्री असताना १९४५ साली खाण कायद्यात दुरुस्ती होऊन खाणमालकांना पाळणाघर ठेवायला लावण्याची वाट मोकळी झाली. त्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघर आले, १९६६ च्या विडी कामगारांच्या कायद्यात आले, १९९६ च्या बांधकाम कामगारांच्या कायद्यात आले. २००५ च्या रोजगार हमी कायद्यातही लिहिले गेले की कामावर पाच किंवा अधिक लहान मुले आली तर एका बाईला त्यांना सांभाळायला बसवावे आणि तिला मजुरी द्यावी.

हे सर्व कायदे कागदावर किती राहिले हा वेगळा लेख होईल. आमचा मुद्दा दुसराच आहे. या साऱ्या कायद्यांत मुलाचे वय किती? सहा वर्षांच्या आतले! अंगणवाडीही सहा वर्षांपर्यंतच. २०२० च्या नव्या कामगार संहितेत पाळणाघर आहे, तेथेही सहाच. सातव्या वर्षी मूल आपोआप मोठे झाले असे कायद्याने गृहीत धरले आहे. का? तर सहाव्या वर्षी ते शाळेत जाते म्हणून. बरोबर आहे, पण शाळा वर्षभर कुठे असते? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला किमान २२० दिवस शाळा भरावी असे ठरवले. आपल्या राज्यात रविवार सोडून ७६ सुट्ट्यांची मर्यादा शाळांना घालून दिलेली आहे. त्यात ५२ रविवार मिळवले तर १२८ दिवस होतात. वर्षातले चार महिने! हे चार महिने पाळणाघर नाही, अंगणवाडी नाही, शाळा नाही आणि खिचडीही नाही. दोन पालक असलेल्या घरात काहीतरी जुळवाजुळव होते. एकटीच्या घरात जुळवायला दुसरे कुणी नसते.

इथे बाबासाहेबांचे संविधान सभेतले एक उत्तर फार मोलाचे आहे. नोव्हेंबर १९४८ मध्ये सक्तीच्या मोफत शिक्षणाच्या कलमावर चर्चा चालू होती. हे कलम फक्त प्राथमिक शिक्षणापुरते ठेवावे, असा आग्रह एका सदस्याने धरला. बाबासाहेबांनी तो मानला नाही. चौदा वर्षांखालील मुलाला कामाला लावायचे नाही असे आपण दुसऱ्या कलमात ठरवले आहे, मग ते मूल कोठेतरी शिक्षणसंस्थेत गुंतलेले असलेच पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांच्या मनात चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला मोकळे सोडून देण्याची कल्पनाच नव्हती. कामावर नाही म्हणजे शाळेत, असा तो सरळ हिशेब होता.

या हिशेबाचे पुढे काय झाले? २०१६ साली बालमजुरीच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक नसलेल्या कौटुंबिक व्यवसायात मुलाने शाळेच्या वेळेनंतर ‘किंवा सुट्टीत’ मदत करायला हरकत नाही असे त्यात घातले गेले. आमच्या पोरांच्या सुट्टीची आठवण दिल्लीला झाली ती या कलमात! ज्या मुलाला सुट्टीत कुणी सांभाळायचे याचा विचार एकाही कायद्याने केला नाही, त्याच मुलाला सुट्टीत राबवायची मुभा मात्र कायद्याने न विसरता दिली. पिढीजात कामे पिढ्यान्‌पिढ्या कशी टिकतात हे समजून घ्यायला आता मनुस्मृती उघडायची गरज नाही, हे एक कलम पुरेसे आहे.

सरकारला एकट्या पालकाची अडचण कळत नाही असे मात्र नाही. केंद्र सरकारने २००८ पासून आपल्या महिला कर्मचाऱ्यांना मुलांच्या संगोपनासाठी संपूर्ण नोकरीत ७३० दिवसांची रजा दिली, ती मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत घेता येते. पुढे ती एकट्या पुरुष पालकालाही लागू केली. महाराष्ट्रानेही २०१८ साली आपल्या महिला कर्मचाऱ्यांना आणि पत्नी हयात नसलेल्या पुरुषांना अशी १८० दिवसांची रजा दिली. आम्ही याचे स्वागतच करतो. रामजी सुभेदारांना ही रजा असती तर मसूरचा तो प्रवास पोरांना एकट्याने करावा लागला नसता. पण ही रजा कायम नोकरीवाल्याची. त्याच कार्यालयाचा जिना पुसणारी, त्याच इस्पितळात ठेक्यावर मावशी म्हणून राबणारी, गावोगाव फिरून मोबदल्यावर काम करणारी आशाताई, यांना ती नाही. कायम नोकऱ्या संपवून ठेका आणला गेला तेव्हा आपण आरक्षण गेले म्हणून ओरडलो, आणि ते योग्यच होते. पण आरक्षणाबरोबर लेकराच्या आजारपणातली आणि सुट्टीतली रजाही गेली, हे आपल्या मोर्च्यांच्या फलकावर कधी आले नाही.

एकल पालकांच्या मुलांसाठी राज्यात सावित्रीबाईंच्या नावाची बालसंगोपन योजना आहे, तिच्यात दरमहा २२५० रुपये मिळतात. ज्या बहिणींना ती माहीत नसेल त्यांनी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जाऊन अर्ज जरूर करावा, कार्यकर्त्यांनी कागदपत्रांना मदत करावी. पैसा लागतोच. पण ते पैसे भर दुपारी पोराजवळ येऊन बसत नाहीत.

मग मागणी काय? आमच्या मते ती अवघड नाही. मनपाच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांच्या इमारती मे महिन्यात रिकाम्या असतात. वर्ग आहेत, नळ आहेत, संडास आहेत, मैदान आहे, खिचडीची भांडी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये आदेश दिला होता की दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही मुलांना दुपारचे जेवण द्यावे. म्हणजे सुट्टीत भूक थांबत नाही हे या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने वीस वर्षांपूर्वीच मान्य केले आहे. ऊसतोड कामगार स्थलांतर करतात तेव्हा त्यांची मुले मागे राहून शिकावीत म्हणून राज्यात हंगामी वसतिगृहे चालवली गेली. आईबाप कामावर असताना मूल सांभाळण्याची पद्धत सरकारला ठाऊक आहे. वस्तीतली एक शाळा मे महिन्यात सकाळी सात ते संध्याकाळी सहा उघडी ठेवायची, सहा ते चौदा वर्षांची मुले घ्यायची, एकट्या पालकांच्या मुलांना आधी घ्यायचे, दुपारचे जेवण द्यायचे. शिक्षकांना यात ओढू नये. त्यांच्यावर आधीच जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सगळे लादलेले आहे. वस्तीतल्याच शिकलेल्या मुली आणि बायका नेमाव्यात, आणि त्यांना मानधनाच्या नावाखाली चणे-फुटाणे न देता किमान वेतन द्यावे.

सरकार हे उद्या करणार नाही, हे आम्हालाही कळते. पण विहाराची चावी कुणाकडे आहे? ती तर आपल्याच खिशात आहे ना? वस्तीवस्तीत लोकांनी वर्गणी काढून, बायकांनी विटा वाहून विहारे बांधली. रविवारी सकाळी वंदना होते, पौर्णिमेला कार्यक्रम होतो, एरवी दिवसभर कुलूप! समोरच्या पत्र्याच्या घरात दोन पोरे आतून कडी लावून घामाने निथळत बसलेली, आणि पलीकडे फरशी घातलेले, चार पंख्यांचे विहार बंद. उन्हाळ्यात काही ठिकाणी बालसंस्कार शिबिरे होतात, दहा दिवसांची श्रामणेर शिबिरे होतात, ती चांगली आहेत. मात्र शिबिर दहा दिवसांचे आणि सुट्टी दीड महिन्याची. आणि शिबिर सकाळी दोन तास चालले तर त्या बाईचे काम दोन तासांत संपत नाही.

आमच्या परिचयाच्या एका विहार समितीपुढे हा विषय गेला होता. पहिला प्रश्न आला तो लाइट बिलाचा. दुसरा, पोरे भिंती खराब करतील. तिसरा प्रश्न कुणी मोठ्याने विचारला नाही, पण बैठक संपल्यावर बाहेर पानटपरीवर ऐकू आला: “तिने नवरा सोडला, त्याला आपण काय करायचं?” माता रमाईच्या तसबिरीला हार घालून आलेली ही माणसे होती. धारवाडच्या वसतिगृहात मुले उपाशी आहेत असे कळताच रमाईने हातातल्या बांगड्या काढून दिल्या, ही आठवण आपण दर वर्षी व्यासपीठावरून सांगतो. ती मुले कुणाची आहेत, त्यांच्या आईने काय केले, असे रमाईने विचारल्याचे आम्ही तरी कधी ऐकलेले नाही.

पैशाचे म्हणाल तर हिशेब करा. दोन बायकांना दिवसाला पाचशे रुपयांप्रमाणे पंचेचाळीस दिवसांचे पंचेचाळीस हजार होतात. वर खिचडीचे सामान. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर एका रात्रीत किती उडाले, हे प्रत्येक मंडळाच्या खजिनदाराला ठाऊक आहे, आम्ही आकडा सांगायची गरज नाही. आणि हे काम ‘महिला मंडळ बघेल’ म्हणून फुकटात बायकांच्याच गळ्यात मारू नये, एवढी विनंती. विहाराच्या दारात संध्याकाळी बसणाऱ्या निवृत्त काकांनाही मुलांना गणित शिकवता येते, आणि एकटा बाप असलेल्या रिक्षावाल्याच्या पोरांनाही तिथे जागा असावी.

जयंतीच्या जमाखर्चाची बैठक बहुतेक मंडळे एप्रिलच्या शेवटी घेतात. या वेळी तिथे हा विषय लेखी द्या, त्यावर दोन-चार एकट्या आयांच्या सह्या घ्या, आणि त्यांना बैठकीला बोलवा. त्यांच्या कामाच्या वेळा बघून रात्री आठनंतर बैठक ठेवा. बुद्ध पौर्णिमा झाल्यावर बघू, असे कुणी म्हणाले तर त्याला सांगा, तोवर निम्मा मे निघून गेलेला असतो.